पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे!

...नाही, पण मला एक सांगा, पंधरा दिवस म्हणजे किती दिवस? सोपा प्रश्न आहे हो! पहिलीतलं पोर सांगेल, चौदाच्या पुढे आणि सोळाच्या अलीकडे! पण आमच्या मोठ्या बाईंचं कॅलेंडरच वेगळं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण दारात उभ्या राहिल्या की चार मजल्यांची शाळा सावधान होते... तर त्यांच्या कॅलेंडरात पंधरा दिवस म्हणजे दोन वर्षं आणि चार महिने! आणि हे मी तक्रार म्हणून नाही सांगत. म्हणजे, तक्रार म्हणूनच सांगतोय, पण तुम्ही ऐका.

मी भूगोलाचा माणूस. एकवीस वर्षं भूगोल शिकवला. तुम्हाला सांगतो, भूगोलाच्या मास्तरासारखा सुखी प्राणी पृथ्वीवर नाही. पृथ्वी मीच शिकवतो, म्हणून छातीठोक सांगतो! नकाशा टांगायचा, पट्टीनं नदी दाखवायची, घंटा झाली की नदीसकट नकाशा गुंडाळायचा. कुणी नापास होत नाही, कुणाचा बाप भेटायला येत नाही. असं माझं निवांत चाललेलं असताना एका सोमवारी आमचे गणिताचे सर शाळेत आलेच नाहीत. चिठ्ठी आली. 'मला विमा कंपनीत नोकरी लागली आहे. सर्व विद्यार्थ्यांना माझे आशीर्वाद.' आशीर्वाद! नववीच्या दोन तुकड्या, दहावीच्या दोन, मिळून अडीचशे पोरं, आणि हा गृहस्थ आशीर्वाद देऊन मोकळा!

मला मोठ्या बाईंचं बोलावणं. मी आपला समजलो, नकाशे फाटलेत त्याबद्दल असेल. तर बाई म्हणतात... त्यांचा आवाज कसा, तर ओल्या साबणासारखा. मऊ असतो, पण पाय पडला की तुम्ही गेलातच... 'सर, तुमचा भूगोल म्हणजे निम्मं गणितच की हो! अंश आले, प्रमाण आलं. नवीन माणूस मिळेपर्यंत जरा बघता का? पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे!'

आता मी 'नाही' म्हणायला हवं होतं की नाही? हवं होतं! माझ्या बायकोनं ते मला त्या दिवसापासून आजपर्यंत रोज सांगितलेलं आहे. पण काय आहे, बाईंच्या खोलीतलं ते पाहुण्यांचं सोफ्यासारखं काहीतरी आहे ना, त्यात माणूस असा रुततो, की आधी उठायचं कसं याचाच विचार चालू असतो. तेवढ्यात मान हलते. माझी हलली.

झालं! पहाटे पाचला उठायचं, गणित सोडवायचं, मागं उत्तर बघायचं, ते जुळायचं नाही, परत सोडवायचं, ते तिसरंच यायचं. ही चहा घेऊन यायची आणि म्हणायची, 'अहो, तुमच्याच पेपरला बसल्यासारखे घामाघूम काय होताय?' आणि मग ते ताजं ताजं गणित, गरम असतानाच, विसरायच्या आत, वर्गात जाऊन फळ्यावर ओतायचं! मध्ये कुणी हात वर केला की संपलं. सगळं सांडायचं.

आणि हात वर करणारी होती ना! नववी ब, खिडकीजवळचा दुसरा बाक. तिचं नाव वर्गानंच ठेवलं होतं, 'काताई'. कारण काहीही सांगितलं की हिचं सुरू, 'का?' मी म्हटलं, वजा गुणिले वजा बरोबर अधिक. 'का, सर?' नियम आहे. 'पण का आहे, सर?' आता मला का विचारता हो! मला वारे का वाहतात ते विचारा, भरती का येते ते विचारा! मी म्हटलं, 'पुस्तकात आहे म्हणून. खाली बस.' बसली. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा खाली बसवली. चार-सहा वेळा असं झालं, आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती विचारतच नाहीये. हात नाही, का नाही, काही नाही. वही तपासायला घेतली तर प्रत्येक गणिताच्या बाजूला समासात सुबक अक्षरात लिहिलेलं, 'नियम आहे.' 'नियम आहे.' 'नियम आहे.'

तुम्हाला सांगतो, कुणाच्या बापानं येऊन मला शिव्या दिल्या असत्या ना, तरी एवढं लागलं नसतं.

तसाच उठलो आणि मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, 'बाई, महिने झाले आठ! मी पोरांचं वाटोळं करतोय! मला सोडवा!' बाई म्हणाल्या, 'अगदी बरोबर. तुमच्याइतकी याची निकड कुणाला कळणार? म्हणून माणूस शोधायचं काम मी तुमच्याकडेच देतेय. सापडला की तुम्ही सुटलात! पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे!' आहे की नाही कमाल? कैद्यालाच सांगायचं, तुझ्या जागी दुसरा पकडून आण, मग दार उघडतो!

पकडून आण म्हणजे काय? अहो, गणिताचा माणूस शहरात राहतो कुठे? बँकेत राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत राहतो, काचेच्या इमारतीत, तिथे त्याला गार हवा असते आणि त्याच्या अंगावर कुणी खडू फेकत नाही. तो आमच्या शाळेत का येईल? तरी जाहिरात दिली. तिघे आले. पहिला, काय सांगू, विद्वान! पण सगळं फळ्याशीच बोलायचा. चाळीस मिनिटं आम्ही त्याची पाठ बघितली. फळ्याला समजलं असावं, कारण पोरांना तर नाही. चार दिवसांनी त्याला बँकेचं पत्र आलं, गेला. दुसऱ्या एक बाई, त्यांनी आल्या आल्या विचारलं, 'लिफ्ट कुठे आहे?' आम्ही एकमेकांकडे बघितलं, त्यांनी जिन्याकडे बघितलं, संपला इंटरव्ह्यू. तिसरा मात्र उमदा होता हो! हसरा, उंच, आवाज खणखणीत. मी त्याला मुद्दाम मागच्या जिन्यानं नेला, म्हणजे नववी अ-चा आवाज यायला नको. पण दार उघडलं, त्यानं बासष्ट तोंडं एकदम बघितली, आणि मला म्हणाला, 'सर, मी जरा पाणी पिऊन येतो.' याला झालं दीड वर्ष. अजून पितोय!

मग एके दिवशी मी माझ्याच चष्म्यावर बसलो. नाही, ऐका, याचा संबंध आहे! मोडला चष्मा. चष्म्याच्या दुकानात गेलो, ते म्हणाले काच बसवायला तासभर लागेल. मी आपला जुना चष्मा लावून तिथेच काउंटरवर पेपर तपासायला घेतले. पलीकडे एक बाई, अडतीस-चाळिशीच्या, पावत्या फाडत होत्या. मान खाली. आणि एकदम, माझा पेपर त्यांच्या बाजूनं उलटा दिसतोय हं, उलटा... म्हणतात, 'चौथ्या ओळीत चिन्ह चुकलंय.'

मी म्हटलं, 'हो ना, पोरं लक्षच देत नाहीत.'

तर म्हणतात, 'मुलाचं बरोबर आहे. तुमचं चुकलंय. लाल पेनातलं.'

मला राग यायला हवा होता ना? अहो, मला त्या काउंटरवरून उडी मारून त्यांचे पाय धरावेसे वाटले! विचारलं, 'तुम्ही गणित...?' तर एम.एस्सी.! वर शिक्षकाचं प्रशिक्षण झालेलं! मी म्हटलं, 'बाई, मग तुम्ही इथे पावत्या काय फाडताय?'

त्यांनी पावतीपुस्तक बंद केलं. म्हणाल्या, 'शिकवलंय मी. दहा वर्षांपूर्वी, साडेचार महिने. पहिल्या दिवशी हातात खडू दिला, वर्ग दाखवला आणि म्हणाले, जा. मी गेले. पोरांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं की मला ओरडता येत नाही. त्यानंतर मी त्या वर्गात काय काय ऐकलं ते सांगत नाही. शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगितलं, तर सगळे हसून म्हणाले, होतं असं सुरुवातीला. साडेचार महिने सुरुवातच चालली होती. एक दिवस बसमध्ये बसले ती शाळेच्या थांब्यावर उतरलेच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे हे दुकान होतं.'

आता बघा, माझ्या तोंडात ते साबणाचं वाक्य तयार होतं. 'या हो बाई, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे!' पण नाही आलं. मी म्हटलं, 'काय केलं तर याल?'

म्हणाल्या, 'कुणीतरी वर्गात बसायला हवं. माझ्या बाजूनं. काही करायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं बसायचं.'

'कोण?'

'आणि कोण? तुम्हीच.'

म्हणजे बघा हं! सुटायला गेलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो! तो बाक तुम्ही बघितलाय? चौदा वर्षांच्या मांड्यांसाठी बनवलेला आहे तो! आत शिरायचं तर आधी पोट, मग मी. एकदा शिरलो की घंटेपर्यंत हलायची सोय नाही. पोरांनी बाईंचं नाव ठेवलं 'चष्मेबाई'. माझं काय ठेवलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण मी वळलो की हसतात.

पहिले चार दिवस चष्मेबाईंचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे यायचा नाही. पाठीमागून कुणीतरी मांजराचा आवाज काढायचं, त्या खडू घट्ट धरायच्या, आणि माझ्याकडे बघायच्या. मी नुसता बसायचो. काही करायचं नाही असंच ठरलं होतं ना! आठव्या दिवशी मात्र दहावी ब-त, म्हणजे माझ्या गेल्या वर्षीच्या नववी ब-त, त्यांनी फळ्यावर लिहिलं, वजा गुणिले वजा. मी मनात म्हटलं, मेलो. त्या म्हणाल्या, 'टाकी गळतेय. मिनिटाला तीन लिटर पाणी जातंय. जातंय म्हणून वजा तीन. बरोबर? आता मला सांगा, दोन मिनिटांपूर्वी टाकीत पाणी आत्तापेक्षा कमी होतं की जास्त? पूर्वी म्हणजे मागे. वजा दोन मिनिटं.'

वर्ग गप्प. मांजरसुद्धा गप्प.

'जास्त!' खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरून आवाज. 'सहा लिटर जास्त! अधिक सहा! म्हणून अधिक!' आणि अख्खा वर्ग हसायला लागला. काताईला नाही हो, मला हसत होते! कारण त्याच क्षणी शेवटच्या बाकावरून मीही ओरडलो होतो, 'अरेच्चा! म्हणून होय!'

चौपन्नाव्या वर्षी कळलं बघा मला. आणि त्या पोरीनं पुन्हा हात वर केला. 'बाई, पण मग शून्यानं भागता का येत नाही?' चष्मेबाई हसल्या. पहिल्यांदा. म्हणाल्या, 'तो उद्या.'

मी मोठ्या बाईंकडे गेलो, 'बाई, मिळाला माणूस! आता मी सुटलो ना?' बाई म्हणाल्या, 'त्या जरा रुळू देत. पंधरा दिवसांचाच तर...' पुढचं मी जिन्यात ऐकलं.

मग तो दिवस आला. वरून फर्मान निघालं की सभेला हजर राहा. विषय काय असेल? 'गणित शिक्षकांना आधार कसा द्यावा!' आता माझं ऐका, शहरभरातले, जे जे कुठे ना कुठे गणिताच्या शिक्षकाला आधार देत होते, त्या सगळ्यांना उचलून एका बंद हॉलमध्ये आणून बसवलं आणि आधारावर भाषण! शिक्षण खात्याचे मोठे साहेब पडद्यावर चित्रं दाखवतायत, हातात हात, उगवतं रोपटं, डोंगरावर चढणारी माणसं. 'आधार म्हणजे काय? आ म्हणजे आपुलकी...' आणि इथे माझा खिसा थरथरतोय. फोनवर फोन. उठावं तर मी मधल्या खुर्चीत, दोन्हीकडे सात-सात माणसं, आणि साहेब म्हणतायत, 'कृपया कुणी उठू नये, धा अजून बाकी आहे!'

र होईपर्यंत साडेबारा झाले. धावत शाळेत आलो तर फाटकापाशी चष्मेबाई. खांद्याला पिशवी, साडीवर खडूचे ठिपके, आणि आमचा वॉचमन फाटक धरून उभा. मला म्हणाला, 'सर, बाई बाहेर सोडा म्हणतात. तुम्ही येईपर्यंत मी किल्ली हरवली असं सांगतोय.'

मला तर धापच लागलेली. बाई म्हणाल्या, 'तुम्ही नव्हतात.'

'नव्हतो.'

'मांजर, कुत्रा, सगळं झालं. मग बाक वाजवले. मी फळ्याकडे वळले की खडू. परत तेच, सर. दहा वर्षांपूर्वीचं तेच.' आणि मग एकदम विचारलं, 'तुम्ही कसे हो टिकलात वर्षभर?'

मी म्हटलं, 'टिकलो कुठे? अडकलो!'

खरंच तोंडातून निघून गेलं. म्हटलं, 'बाई, मला रोज सकाळी जिन्यात पोटात गोळा यायचा. आजही येतो. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं मी भूगोलवाला म्हणून मला येतो. तुम्हाला गणित येतं, तरी तुम्हाला येतो. म्हणजे चूक तुमची नाही आणि माझीही नाही. एकट्याला खडू देऊन जा म्हणतात ना, ती चूक आहे.'

त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली. मग वॉचमनला म्हणाल्या, 'किल्ली सापडली तरी राहू दे.'

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो आणि बसलो नाही. उभ्यानं बोललो! सोफा टाळला की माणूस किती बोलतो बघा! म्हटलं, 'चष्मेबाईंचे आठवड्याचे सहा तास कमी करा. त्यांना रजिस्टर नको, गेटवरची ड्युटी नको. मंगळवारी, गुरुवारी मी नाही, भाषेच्या कडक बाई बसतील, त्यांना विचारलंय मी. शनिवारी तुम्ही बसा.' 'मी?' बाई म्हणाल्या. 'तुम्ही! शेवटच्या बाकावर!' आणि तुम्हाला सांगतो, बसल्या! मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या, आणि त्या दिवशी दहावी ब-मध्ये टाचणी पडली असती तर तिनंही आधी परवानगी मागितली असती. तास संपल्यावर बाहेर आल्या. म्हणाल्या, 'सर, तो शून्याचा भाग... मला कधी कुणी सांगितलाच नव्हता.'

वर्ष गेलं. चष्मेबाई ओरडायला शिकल्या नाहीत. अजूनही ओरडत नाहीत. हळू बोलतात, आणि पोरं ऐकू यावं म्हणून गप्प बसतात. परवा मला म्हणाल्या, 'सर, उद्यापासून नाही बसलात तरी चालेल.' मी म्हटलं, 'नक्की?' म्हणाल्या, 'नक्की. पण अधूनमधून या. पोरांना तुमचं ते अरेच्चा आवडतं.'

सुटलो! हिला फोन केला, 'सुटलो गं!' ती म्हणाली, 'आधी लेखी घ्या.' मी तडक मोठ्या बाईंकडे. 'बाई, माझा भूगोल द्या परत!'

'भूगोल?' बाईंनी चष्मा काढला. 'अहो, भूगोलाला माणूस कालच घेतला की! तुम्ही गणितात अडकलेले, म्हणून जाहिरात दिली. एक्केचाळीस अर्ज आले. चांगला मुलगा आहे. स्वतःचे नकाशे घेऊन आलाय.'

म्हणजे? गणितात माझी गरज नाही, भूगोलात जागा नाही! मी तिथेच, त्या सोफ्यात... हो, बसलो होतो, चूक झाली! आणि बाईंनी एक कागद पुढे केला. मोठ्या साहेबांचा. आमच्या शहरात म्हणे गेल्या वर्षी अकरा शाळांनी गणिताचे नवे शिक्षक घेतले, त्यातला टिकला एक. आमचा! साहेबांनी चौकशी केली, हे कसं झालं? कुणीतरी सांगितलं, मागे एक माणूस बसवला होता. साहेब खूश! 'मग त्याच माणसाला उरलेल्या दहा शाळांत बसवा!'

मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, 'साहेब, माणूस महत्त्वाचा नाही हो, तिथल्या कुणीतरी बसायला हवं, तास कमी करायला हवेत...' साहेब म्हणाले, 'वा, वा! हेच सगळं तुम्ही तिथे जाऊन सांगा. घाबरू नका. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे!' मी विचारलं, 'सगळ्या मिळून?' फोन कट!

तर काल पहिल्या शाळेत गेलो. पाचवा मजला. नवीन शिक्षक, कोवळा, फळ्यावरची तारीखच तिसऱ्यांदा पुसून लिहितोय. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. मी मागे गेलो, आधी पोट, मग मी, असा बाकात शिरलो. शेजारी एक मुलगी होती. तिनं मला डोक्यापासून पायांपर्यंत नीट बघितलं, आणि फार मायेनं, हळूच विचारलं, 'काका, तुम्ही कितव्यांदा नापास झालात हो?'

मी म्हटलं, 'मोजता आलं असतं तर इथं बसलो असतो का गं? सरक जरा... आणि पेन्सिल असेल तर दे एक.'